मागची रांग

आधी तिने बरगडी ओळखली आणि मग बाप. मधे जो काय क्षण गेला त्यात तिचा हात सवयीने काम करत राहिला होता. पडद्यावरच्या करड्या फुप्फुसात एका गाठीच्या कडेकडेने हिरवी रेघ पुढे सरकत होती, तिची दोन टोकं जुळायला जेमतेम नखाएवढं अंतर उरलं होतं, आणि तेवढ्यात नजर सहज बाजूला गेली. उजवीकडची बरगडी. कधीतरी मोडलेली, वाकडी जुळलेली, जुळल्या जागी वाटाण्याएवढं टेंगूळ धरून बसलेली. त्या टेंगळावर बोट ठेवून ती लहानपणी झोपायची. बनियनवरून ते बरोब्बर सापडायचं. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, चालीवरून, जिन्यातल्या खोकल्यावरून ओळखतात. तिने आपला बाप आतून ओळखला, हाडावरून, आणि पहिल्यांदा जे उसळून आलं ती भीती नव्हती, राग होता. तुम्ही इथे काय करताय? न सांगता शाळेच्या दारात येऊन उभे राहायचे तेव्हा यायचा तसला, मैत्रिणींसमोर कानकोंडं करणारा राग.

पडद्यावर नाव नव्हतं. नसायचंच. केसला नुसता आकडा असायचा, आणि त्या आकड्यामागे कोणी शिक्षक आहे की ड्रायव्हर, हे तिला कळू द्यायचं नाही असा अभ्यासाचा नियमच होता. तिचं काम रेघ काढण्याचं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट, त्यांना साखरेसारखं एक औषध टोचून काढलेले स्कॅन, आणि त्या स्कॅनमध्ये गाठ किती पेटलेली दिसते त्याचं मोजमाप. गाठ अधाशी असते, रक्तातली साखर ओढून घेते, त्या साखरेबरोबर ते औषधही ओढते आणि पडद्यावर निखाऱ्यासारखी तेजाळते. पण सगळ्यांचीच सारखी तेजाळत नाही. पेशीच्या अंगावर साखर आत घ्यायची दारं असतात. ती किती असावीत, किती उघडावीत हे माणूस जन्माला येतानाच त्याच्या जनुकांत थोडंफार ठरून आलेलं असतं, आणि त्या जनुकांच्या लिपीत कुठे एखादं अक्षर वेगळं पडलं की तेवढ्याच गाठीचा एकाकडे वणवा दिसतो, दुसऱ्याकडे राखेतली धग. निदान हा अभ्यास चालवणाऱ्या मॅडमना तसा संशय होता. म्हणून हा सगळा खटाटोप. तिने रेघ काढायची, आतला उजेड मोजायचा, आणि तो आकडा दुसऱ्या मजल्यावर पाठवायचा, तिथे पेशंटच्या रक्तातली अक्षरं वाचणारी माणसं बसलेली. ती अक्षरं तिला दिसायची नाहीत, त्यांना तिची चित्रं दिसायची नाहीत. एकमेकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधूनच हे काम करायचं, नाहीतर माणूस पाहिजे ते बघतो.

तिने रेघ तशीच अर्धवट सोडली आणि उजेडाचं बटण दाबलं. करड्या चित्रावर नारिंगी रंग चढला. हृदय पेटलं, ते पेटतंच. यकृत मंद तेवलं, तेही नेहमीचं. आणि गाठ, जिच्यातून सुईने तुकडा काढून, काचेवर ठेवून, कॅन्सर म्हणून नक्की सांगून झालं होतं ती तिच्या बापाची गाठ, यकृताएवढीही पेटली नव्हती. विझवलेल्या सिगरेटच्या टोकासारखी. छातीच्या मधोमध, श्वासनळीला लागून ग्रंथींची जी ओळ असते, तिथे तर काळोख.

तो काळोख तिने वाचला होता. महिन्याभरापूर्वी, आईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. बाबांनी रिपोर्टचं पाकीट पुढे केलं आणि तिने कागद उलगडून थेट ग्रंथींची ओळ गाठली होती, या धंद्यातली माणसं गाठतात तशी. बाहेरच्या माणसाने पहिल्यापासून वाचलं असतं, अडखळत, शब्दाशब्दाला घाबरत. ती सराईत. रोग गाठीतून बाहेर पडलाय का, एवढं एकच त्या कागदावर बघायचं असतं हे तिला ठाऊक, म्हणून तिने तेवढंच बघितलं. ‘ग्रंथी थंड.’ ती तिथेच खाली बसली होती, ओट्याला पाठ लावून, आणि हसायला लागली होती. आई म्हणाली होती, “अगं, पोरीला तरी आधी खाली ठेव, पाडशील,” कारण तिची चिमणी तिच्या कडेवर होती. थंड म्हणजे रोग तिथवर गेला नाही. म्हणजे ऑपरेशन करता येतं, गाठीचा भाग कापून काढायचा की सुटलो. त्या ओळीच्या वरच्याच ओळीत गाठीच्याही उजेडाचा आकडा होता. तो तिने वाचलाच नाही. दिवसभर लोकांच्या गाठींचे आकडे काढणारीने घरचा तेवढा एक आकडा गाळला. आणि स्कॅनची डिस्क आली ती बाबांच्या कपाटात रुमालांखाली गेली. रोज परक्यांच्या छात्या उघडून बघणारी ती, ही उघडायला काही धजावली नव्हती.

त्या ओळीचा खरा अर्थ तिला आता, खुर्चीत बसल्या बसल्या लागला. गाठच जर मिणमिणती असेल तर तिची पिलावळ तरी कुठून उजळणार? ग्रंथी थंड आहेत म्हणजे रोग नाही, हे पेटणाऱ्या गाठीबद्दल म्हणायचं. जी मुळातच पेटत नाही तिच्याबद्दल थंड म्हणजे काहीच नाही. थंड म्हणजे माहीत नाही. आणि या ‘माहीत नाही’च्या भरवशावर पुढच्या आठवड्यात बाबांची छाती उघडणार होते. रोग आधीच ग्रंथींत जाऊन बसला असला तर अर्धं फुप्फुस फुकट जायचं, आणि मग औषधं सोसायला लागते ती ताकद कुठून आणायची?

ब्लाउजला ओल लागली. चिमणीच्या दुधाची वेळ. हे एक वेगळंच घड्याळ तिच्या अंगात बसवलेलं होतं, त्याला प्रसंग कळत नसे. ती उठून जुन्या प्रिंटरांच्या खोलीत गेली, दाराला खुर्ची लावली आणि पंप लावून बसली. पंप घरघरत राहिला. तिला सगळ्याचीच चीड आली: पंपाची, खुर्चीची, त्या थंड शब्दाची, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीची, की जगात ज्या मोजक्या माणसांना हा काळोख वाचता येतो त्यांतली आपण एक आणि आपण तो वाचायला महिना लावला.

मॅडम खिडकीशी उभ्या राहून सफरचंद खात होत्या. त्यांचं जेवण हेच असे, उभ्याने. ती दारातूनच म्हणाली, “मॅडम, एखाद्या पेशंटची अक्षरं उघडून बघता येतात का? एकाचीच?”

“नाही.” सफरचंद चावून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. “का गं?”

“असंच. समजा त्याच्या उपचारात उपयोग होणार असला तर?”

“काय उपयोग होणार? शंभर माणसं एकत्र केली तर थोडा कल दिसतो, तोही डोळे बारीक करून. एका माणसाला त्यातलं काय लागू करशील? तूच तर लिहिलंयस ते वाक्य.”

लिहिलं होतं. पेशंटना वाचून दाखवायच्या माहितीपत्रकात. ‘या अभ्यासातून तुमच्या स्वतःच्या उपचाराबद्दल काहीही सांगता येणार नाही.’ किती खटपट केली होती त्या वाक्यावर, सोपं व्हावं, कोणाला खोटी आशा लागू नये म्हणून. आता तेच वाक्य दार लावून आतून कडी घालून बसलं होतं, आणि बाहेर तीच उभी. ते खरं होतं हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग. खोटं असतं तर भांडता आलं असतं. मॅडम वाईट असत्या, नियम मूर्ख असता, कोणी चूक केली असती, तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं; पण सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि त्या सगळ्या बरोबर माणसांच्या मधल्या फटीतून तिचा बाप चालला होता. ती मान हलवून परत आली. जिन्यात तिला सुचलं ते इतकं साधं होतं की तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. अक्षरं हवीतच कशाला? का पेटत नाही ते दुसऱ्या मजल्याला शोधू दे. पेटत नाही हे तर समोर दिसतंय, बाबांच्या कपाटातल्या डिस्कवर दिसतंय, न वाचलेल्या ओळीत छापलेलं आहे.

बाबांच्या सर्जनना फोन लागायला दुपार गेली. आवाज घाईतला, पण वाईट नव्हता.

“ग्रंथींतून सुईने तुकडा घ्यायचा ना? घशातून नळी घालून? मी सांगितलं होतं तुमच्या वडिलांना, पहिल्याच भेटीत. करून घेऊ म्हटलं, शंका नको. ते म्हणाले, स्कॅन स्वच्छ आहे ना, मग पुन्हा नळी नको. हात जोडले हो त्यांनी माझ्यापुढे.”

“पण गाठच उजळलेली नाही, डॉक्टर. मग ग्रंथी कशा उजळतील?”

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. “हं. तुमचं म्हणणं चुकीचं नाहीये. मी आजही करायला तयार आहे. पण पेशंट नाही म्हणाला तर मी काय त्याला बांधून नेऊ? त्यांना तयार करा, परवा घेतो.”

म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं ते बाबांच्या घशापाशी. आणि ते दार तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तुकडा काढला तेव्हा पहिली नळी घातली होती, त्यानंतर बाबा तीन दिवस कोणाशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले, “पाण्यात बुडतोय आणि वरून कोणीतरी ‘शाब्बास, छान चाललंय’ म्हणतंय, असं वाटत होतं.” आयुष्यभर दुसऱ्यांना ‘हलू नका’ सांगितलेला माणूस. चौकातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओतून अर्ध्या गावाची माणसं चौकटीत बसून गेली होती. मागची अंधारी खोली, लाल दिवा, पाण्याच्या तबकात हळूहळू वर येणारी तोंडं. तिला त्या खोलीत उभं राहायची परवानगी होती ती एका अटीवर, की काही विचारायचं नाही. आधी डोळे यायचे. पांढऱ्या कागदावर नुसते डोळे, माणूस अजून यायचा असे. स्टुडिओ बंद झाला, तबकं आईने कुंड्यांखाली ठेवली, पण रात्रीचे दिवे मालवताना तिला अजून वाटायचं की आता समोरच्या भिंतीवर कोणाचे तरी डोळे येतील. ती स्कॅनच्या कामात शिरली त्याचं कारण ही खोली असावी. कोणी विचारलं तर मात्र ती सुट्ट्या जास्त असतात म्हणून सांगे.

ती आईबाबांकडे गेली तेव्हा बाबा जमिनीवर बसून चिमणीला चमच्याने काहीतरी भरवत होते आणि चिमणी ते त्यांच्याच गुडघ्याला फासत होती.

“आलीस? बघ तुझी लेक. मला प्लास्टर करतेय.”

“बाबा, ऑपरेशनच्या आधी ती सुईची तपासणी करून घ्या.”

एवढं धाडकन बोलायचं नव्हतं. रस्ताभर तिने सुरुवात घोळवली होती. बाबांनी चमचा वाटीत ठेवला. आई आतून ओल्या हाताने बाहेर आली आणि दारात थबकली.

“झालं ते बोलणं,” बाबा म्हणाले. “स्वच्छ आहे म्हणाले ना? तुमच्याच मशिनीने सांगितलं. का आता मशीनपण तुझ्यापेक्षा कमी शिकलंय?”

“मशीन खोटं बोलत नाहीये. तुमची गाठच उजेड धरत नाही, म्हणून बाकीचं दिसत नाहीये.”

“तुला कसं कळलं?”

ती म्हणाली, “बरगडीवरून.”

बाबांचा चेहरा एकदम उजळला, चोरी पकडलेल्या पोरासारखा. “आलो का मी? तुमच्या अभ्यासात? स्कॅनच्या वेळी तिथल्या मुलीने कागद पुढे केला, मी म्हटलं अगं हे तर आमच्या पोरीचंच काम, आण सही करतो. तिने काय काय वाचून दाखवलं, मी ऐकलंसुद्धा नाही. तुझ्या कामाला जरा हातभार. बरा आलाय का फोटो?”

आणि इथे तिचा तोल गेला. इतका वेळ कोणावर काढावा हे कळत नव्हतं तो सगळा राग या आनंदी माणसावर निघाला. तुम्ही ऐकत का नाही, ती ओरडली, सही करताना ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, हातभार कसला, मला हातभार नकोय, मला बाप हवाय. चिमणी रडायला लागली. आईने तिला उचललं आणि म्हणाली, “भांडा. भांडा दोघं. मी आणि माझी नात बाल्कनीत बसतो, भांडून झालं की हाक मारा.” बाबाही चढले. घसा माझा आहे, म्हणाले. तुम्हाला सगळ्यांना माझ्या आत बघायचंय, एकदा बघून झालं, दोनदा बघून झालं, माणसाचा काय पेटारा केलाय का? हे बोलताना त्यांना धाप लागली, आणि धाप लागल्याचा राग येऊन ते आणखी बोलले, आणि आणखी धाप लागली.

मग दोघंही थांबली. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर तिच्या वर्गाचा फोटो होता. तिरका. शाळेने बाबांनाच बोलावलं होतं. सगळा वर्ग चौकटीत मावेना म्हणून ते बाकावर चढून मागे मागे सरकत गेले आणि पडता पडता त्यांचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलं गेलं. म्हणून फोटोत सगळी पोरं फिदीफिदी हसतायत, शिक्षिकेने तोंडावर हात ठेवलाय, आणि पहिल्या रांगेत ती एकटी आ वासून उभी. त्या पडण्यात मोडली ती बरगडी हीच. सरळ फोटोही त्यांनी नंतर काढला होता, कुशीला हात दाबून, पण भिंतीवर हाच लावला. पुढची रांगही काळवंडलेली, कारण पडण्याच्या गडबडीत उजेडाचा हिशोब चुकला होता. आणि मागची रांग, पोर्चच्या सावलीतली, दिसतच नव्हती. तिघं होती तिथे. दिसत नसली तरी होती, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“बाबा, मागच्या रांगेत कोण होतं?”

“कुठे?” त्यांनी वैतागून वर पाहिलं. “तो उंच्या. त्याच्या शेजारी ती दोन वेण्यांची बडबडी. आणि तो, डॉक्टरीणबाईंचा मुलगा, सारखं नाक ओढायचा तो.”

“दिसत तर नाहीत.”

“उजेड कमी पडला तिथे. पुढचेच काळे आलेत, मागचे काय दिसणार कपाळ! आणि मी पडत होतो गं, पडत असताना...” ते थांबले.

तिने खाली बोट दाखवलं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, काचेच्या आत, एक छोटा फोटो चिकटवलेला होता. तिघं. उंच्या, बडबडी आणि नाक ओढणारा, भर उन्हात डोळे मिचकावत. दुसऱ्या दिवशी छातीला पट्टा बांधून बाबा पुन्हा शाळेत गेले होते; डॉक्टरांनी हलू नका म्हटलेलं असताना. आईने अजून ते माफ केलेलं नव्हतं.

“त्यांना परत का बोलावलंत?” ती हळूच म्हणाली.

बाबा त्या छोट्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले. चमच्यातलं वाळत आलेलं नखाने खरवडत राहिले. बाल्कनीतून आईचं चिमणीशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं, ती तिला खालून जाणाऱ्या मोटारींचे रंग सांगत होती.

“चांगली फसवतेस बापाला,” ते शेवटी म्हणाले. आवाज अजून तुटकच होता. “त्या नळीवाल्याला सांग, घशात तो बधिर करायचा फवारा असतो ना, तो नीट मारा म्हणावं. मागच्या वेळी हात आखडता घेतला त्याने. आणि शाब्बास म्हणायचं नाही.”

ती हसली नाही. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. बापाला हरवून त्याला नळीपाशी नेऊन बसवायचं, यात कसलं आलंय जिंकणं.

परवाच्या दिवशी नळी घालून झाली. शाब्बास कोणी म्हटलं नाही; ती बाहेर बाकावर बसून होती आणि बाबा बाहेर आले ते तिच्याकडे न बघता. निकालाला वेळ होता. ती कामावर परतली, पडदा लावला, आणि ती केस उघडली. रेघ तशीच अर्धवट होती, टोकं न जुळलेली. तिने मॅडमना बोलावून दाखवलं. “हे माझे वडील आहेत. मी ओळखलं. त्या दिवशीच सांगायला हवं होतं.”

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकून बघितलं. त्यांना बरगडी दिसली नाही, त्यांनी गाठीकडे पाहिलं. “असल्या मंद केसेसच तर मिळत नाहीत गं,” त्या पुटपुटल्या, आणि मग लाजून तिच्या खांद्यावर हात ठेवला. “अभ्यासातून काढावी लागेल ही केस. दुसऱ्या मजल्याला मी कळवते.” तो हात त्यांनी जरा जास्तच वेळ ठेवला, कुठून उचलावा हे न कळल्यासारखा.

रेघ पुसायला एकच कळ लागते. ती पुसली गेली तेव्हा गाठ तशीच उरली, हिरव्या कुंपणाशिवाय, आणि शेजारी ते टेंगूळ. तिने पडद्यावर बोट ठेवलं. काच कोमट होती, खाली काही लागलं नाही. हातभार म्हणून दिलेला फोटो अभ्यासातून गेला. कधीतरी ते विचारतील, झाला का उपयोग, आणि ती हो म्हणेल; आणि त्यात खोटं किती हे तिलाही नीट सांगता येणार नाही.

फोन आला तेव्हा ती प्रिंटरांच्या खोलीत होती, दाराला खुर्ची लावून. सर्जन म्हणाले, बरं झालं केलं, ऑपरेशन आता नाही, आधी औषधं, मग बघू. तीन ठिकाणच्या ग्रंथी तपासल्या, एका ठिकाणी रोग सापडला. तिने आभार मानले. बरं झालं. हे दोन शब्द तिने काही वेळ तोंडात घोळवले, त्यांना कुठलीच चव नव्हती. मग तिने घरी लावला. बाबांनीच उचलला, आवाज घोगरा, दुखऱ्या घशातून ओढून काढलेला. तिने सांगितलं. जसं कळलं तसं, काही न गाळता, पहिल्या ओळीपासून.

पलीकडे चिमणी कशावर तरी चमचा आपटत होती.

“तिघांतला एक,” बाबा म्हणाले.

“हो.”

“कोण, उंच्या का?”

तिच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं, हसू की काय ते तिलाच कळलं नाही. “बाबा, गप्प बसा ना.”

“बसलोय,” ते म्हणाले. “हलत नाहीये. तू ये.”